चार महिन्यांनी एक पिशवी

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, बहिणीच्या नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोर येऊन बसला असतात तर मी चहा टाकायच्या निमित्तानं उठून गेले असते आणि परत आल्यावर विषय बदलला असता. ते मला चांगलं जमतं.

मी बावन्न वर्षांची आहे. शिवाजी पेठेत राहते. औद्योगिक वसाहतीत आमचा प्लेटिंगचा कारखाना आहे — यंत्रांच्या लोखंडी दांड्यांवर आम्ही क्रोमचा मुलामा चढवतो. बाहेरचं सगळं नवरा बघतो, आतलं मी. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली सून मिळाली म्हणून सासरे खूश होते. लग्नाची हळद उतरायच्या आत मी टाकीपाशी उभी होते.

टाकीबद्दल थोडं सांगावं लागेल. क्रोमच्या टाकीत वीज सोडली की बुडबुडे येतात, आणि त्यांच्याबरोबर आम्लाचा बारीक फवारा उडतो. नाक चुरचुरतं. वर्षानुवर्षं हुंगलं तर नाकाच्या पडद्याला भोक पडतं. म्हणून तो फवारा दाबायला टाकीत एक औषध घालतात — कारखान्यात आम्ही सगळ्याच रसायनांना औषध म्हणतो. थोडंसं ओतलं की टाकीवर फेसाची साय धरते आणि फवारा खालच्या खाली राहतो. हे ओतायचं काम माझं. कॅन उचलायचा, मापात घ्यायचं, ओतायचं. हातमोजे? आम्लासाठी घालत होते. हे तर साबणासारखं गुळगुळीत, वास नाही, झोंबत नाही. नळाखाली हात धुतले की झालं. गरोदर होते तेव्हाही ओतलं. मुलगा अंगावर पीत होता तेव्हाही ओतलं.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही. ते अज्ञान होतं. अज्ञानानं केलेल्याचं दुःख होतं मला, पण त्याची मला अशी भीती वाटत नाही.

माझ्या बहिणीची मुलगी ऋता परदेशात शिकते. कारखान्यांतून निघणारी आणि कशानंच न मोडणारी रसायनं माणसाच्या अंगात किती सापडतात, हा तिचा विषय. दोन वर्षांपूर्वी सुट्टीला आली तेव्हा तिच्याकडे जाड कागदाच्या पट्ट्या होत्या. बोटाला टोचायचं, पट्टीवर रक्ताचे थेंब घ्यायचे, वाळवायचे. मी म्हटलं, घे बाई, माझ्याकडं भरपूर आहे. जेवणाच्या टेबलावर, वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता दिलं मी ते रक्त. विसरूनही गेले.

मग तिचा फोन आला. म्हणाली, "मावशी, काका जवळ आहेत का? मग जरा गॅलरीत जा."

आकडा काय होता ते सांगून उपयोग नाही, तुम्हाला त्याचा अर्थ लागणार नाही. मलाही लागला नव्हता. तिनं इतकंच सांगितलं, की तिनं तपासलेल्या पट्ट्यांमध्ये माझी सगळ्यांत वर होती. फेसाचं औषध. इतक्या वर्षांचं, माझ्याच अंगात.

मी घाबरट बाई नाही. कामगाराच्या पायावर आम्ल सांडलं तेव्हा सगळे ओरडत होते आणि मी पाण्याचा पाइप धरून उभी होते. विजेच्या पेटीत साप निघाला तेव्हा मेन स्विच मीच पाडला. पण त्या दिवशी गॅलरीत मी घाबरले. बाहेरचं संकट असलं की हातात काहीतरी घेता येतं. हे आत होतं. झाडू कुठं मारणार?

मी विचारलं, मग हे जाणार कसं?

ऋतानं नीट समजावलं. हे औषध चरबीत साठत नाही, रक्तात राहतं. यकृत ते आतड्यात सोडतं — आतडं ते पुन्हा ओढून घेतं. मूत्रपिंड गाळून टाकायला जातं — आणि टाकता टाकता परत आत घेतं. अंग त्याला आपलंच माणूस समजतं. काही वर्षांनी निम्मं उरतं. आणखी तितक्याच वर्षांनी त्या निम्म्याचं निम्मं. ताकाचं भांडं एकेक घोट पाण्यानं विसळत राहावं तसं, पाणी शेवटपर्यंत गढूळच. बायकांच्या अंगातून जरा लवकर जातं, म्हणाली. पाळीतून जातं. बाळंतपणात वारेतून बाळाकडं जातं. आणि अंगावरच्या दुधातून जातं. पहिल्या बाळाला सगळ्यांत जास्त.

माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा एकच, तो पुण्यात नोकरीला. म्हणजे माझ्या सगळ्या वाटा बंद.

तेव्हा ती सहज म्हणाली, की जे नेमानं रक्तदान करतात त्यांच्या अंगात हे कमी सापडतं. मोजून बघितलंय लोकांनी.

मी विचारलं — हे मला कबूल करायलाच हवं, की मी विचारलं होतं — ते रक्त ज्याला मिळतं त्याचं काय? ऋता म्हणाली, "मरणाऱ्या माणसाला आधी रक्त लागतं मावशी. बाकीचं पुढचं पुढं. आणि एका पिशवीतून कितीसं जाणार? त्याचं नक्की काय होतं, ते कुणालाच ठाऊक नाही."

कुणालाच ठाऊक नाही — एवढंच मी धरून ठेवलं.

त्या वर्षी आमच्या पेठेतल्या तालमीचं रक्तदान शिबिर शिवजयंतीला होतं. मंडप, पोवाड्यांचा कर्णा, खाटांची रांग. मी कधीच गेले नव्हते, सुईचा कंटाळा. या वेळी सकाळी पहिली जाऊन आडवी झाले. माझा गट ओ निगेटिव्ह, दुर्मीळ. रक्तपेढीच्या मुलीचा चेहरा खुलला. तिनं मला दुर्मीळ रक्तगटवाल्यांच्या यादीत घेतलं. नळीतून रक्त खाली पिशवीत चाललं होतं, पिशवी पाळण्यात ठेवल्यासारखी हलत होती, आणि मी मनात म्हणत होते, जा. जा बाहेर.

बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. मी दिवस मोजायला लागले. हिमोग्लोबिन कमी भरलं तर परत पाठवतात, म्हणून नाचणीची आंबील, खजूर, पालक — नवरा म्हणायचा, या वयात तब्येतीकडं बघायला लागलीस, बरं झालं. रक्तपेढीत विचारतात: कावीळ झाली होती का, दात काढलाय का, गोळ्या चालू आहेत का. टाकीबद्दल कुणी विचारत नाही. म्हणजे मी खोटं बोलले नाही. एकदाही नाही. पाहिलंत, अजून मला हे सांगावंसं वाटतं.

तालमीनं माझा सत्कार केला. मला फेटा बांधला, गुलाबी, तुरा कानाच्या वर. तालमीचे अण्णा माइकवरून म्हणाले, "वस्तादाला दंड दाखवायला लागतोय, आमच्या वहिनींनी नुसता दंड पुढं केला की जीव वाचतोय." लोक हसले, टाळ्या वाजल्या. मीही हसले. फेट्याखाली डोकं घामानं भिजलं होतं. घरी येऊन तो सोडला आणि कपाटाच्या वर टाकला.

इथंच थांबले तर तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? कुणाला तरी रक्त मिळालं, तुझं थोडं ओझं उतरलं. दोघांचं भलं. मीही स्वतःला असंच समजावत होते. पिशवी कुणाला जाते हे कळत नव्हतं तोवर ते पटतही होतं.

आता मंगलबद्दल.

मंगल आमच्याकडं दांड्या टाकीत टांगायचं काम करते. गडमुडशिंगीहून सकाळच्या बसनं येते. नवरा अपघातात गेला तेव्हा तिची मुलगी रेखा शाळेत जात होती; तेव्हापासून मंगल आमच्याकडं आहे. म्हणजे माझ्यासारखीच तीही त्या फेसाशेजारी उभी राहिलेली. ऋताचा फोन आल्यावर मी ते औषध बंद केलं, फवारा अडवायला टाकीवर प्लास्टिकचे तरंगते गोळे सोडले, वर पंखा बसवला. कामगारांना सांगितलं, हे स्वस्त पडतं. मंगल म्हणाली, "आवं वहिनी, टाकीत काय चेंडू खेळायचं हाय व्हय?" मी हसून घेतलं. का बंद केलं ते सांगितलं नाही. तिचंही रक्त तपासायला हवं, हेही नाही. सांगितलं असतं तर बाकीच्यांनाही सांगावं लागलं असतं, आणि मग कारखान्यात कोण राहिलं असतं? ही माझी दुसरी चूक. तीही मोठी आहे. पण अजून मी मूळ गोष्टीच्या भोवतीच फिरते आहे, नाही का?

यंदा श्रावणात रेखा बाळंतपणाला माहेरी आली. पहिलंच. वार खाली सरकली होती. डॉक्टर म्हणाले, सिझेरियन करावं लागेल आणि रक्त जाऊ शकतं, म्हणून आधीच सोय करून ठेवा. रेखाचा गट ओ निगेटिव्ह. मंगलचा वेगळा, जावयाचा वेगळा. एक पिशवी पेढीत होती, आणखी एक ताजी हवी होती.

मंगल कारखान्यातच माझ्यापुढं उभी राहिली. "वहिनी, तुमचा गट त्योच हाय न्हवं?"

माझे चार महिने त्याच आठवड्यात भरले होते. मला ते पाठ होतं. तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी रक्तपेढीत पोचले तेव्हा तिथं सर्जेराव बसले होते. रंकाळ्याकडं टायरचं दुकान आहे त्यांचं. चाळिशीचा, अंगानं भरलेला, आमच्याच यादीतला माणूस. पेढीनं त्यांनाही फोन केला होता. हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसले होते, बाही आधीच वर सरकवलेली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, एकच पिशवी पुरे, दोघांपैकी कुणीतरी एकानं द्या. दुसऱ्याला लागलं तर बोलावू.

इथं जरा हळू जाते.

सर्जेराव उठले. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा, मी देतो. फक्त सकाळी मिसळ हाणून आलोय. माझ्या रक्तात कट उतरला आसंल, पोरगीला ठसका लागायचा." काउंटरवरचा मुलगा हसला. मीही हसले. ते चेष्टा करत होते. मिसळ खाल्ल्यानं काही बिघडत नाही. त्यांचं रक्त चांगलं होतं. हा माणूस कधी क्रोमच्या टाकीजवळ उभा राहिलेला नव्हता. ती पिशवी दुसऱ्या दिवशी एका पहिलटकरणीच्या अंगात जाणार, आणि ती बाळाला पाजणार, हे मला माहीत होतं. अंगावरच्या दुधाचं ऋतानं सांगितलेलं सगळं मला माहीत होतं. त्या खोलीत हे माहीत असलेली मी एकटीच होते.

आणि मी म्हणाले, "मग तुम्ही राहू द्या सर्जेराव. मंगल आमच्या घरातली आहे. मीच देते."

ते म्हणाले, "बरोबर हाय. घरच्याचं रगात ते घरच्याचं," आणि बाही खाली ओढून निघून गेले.

हीच ती कबुली.

मी का केलं ते मला ठाऊक आहे. सर्जेरावांनी दिलं असतं, तर मला पुढच्या शिबिरापर्यंत किंवा फोन येईपर्यंत थांबावं लागलं असतं. महिनाभर, फार तर दोन. तेवढं ते औषध अंगात आणखी राहिलं असतं. इतकी वर्षं राहिलं होतं. पण मला ते आज बाहेर हवं होतं. डोळ्यांपुढं रेखा नव्हतीच. पिशवी होती. रिकामी पिशवी.

दुसऱ्या दिवशी रेखाला मुलगी झाली, आणि रेखाला रक्तस्राव झाला. फार. सर्जेरावांना पुन्हा बोलावलं, ते धावत आलेही, पण त्यांचं रक्त घेऊन तपासेपर्यंत वेळ नव्हता. आधीच्या दोन्ही पिशव्या तिला लागल्या. ती जगली. डॉक्टर मंगलला म्हणाले, रक्त तयार होतं म्हणून मुलगी हाताला लागली. मंगल दवाखान्याच्या जिन्यात माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवर थापटत राहिले. रक्त तयार होतं, खरं आहे. ते सर्जेरावांचंही तयार राहिलं असतं. रेखा तशीही जगली असती. या एवढ्या गोष्टीला वळसा घालून मला कुठल्याही बाजूनं जाता येत नाही.

रक्ताचे भाग करतात — लाल पेशी वेगळ्या, वरचं पिवळसर पाणी वेगळं. औषध राहतं ते मुख्यतः त्या पिवळ्या पाण्यात. पुष्कळदा रोग्याला नुसत्या पेशीच देतात. मी त्या आशेवर रक्तपेढीत गेले आणि काउंटरवरच्या मुलाला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो मोठ्या अभिमानानं म्हणाला, "दोन्ही दिलं मॅडम. तुमचं काहीही वाया गेलं नाही."

मी त्याला थँक्यू म्हणाले आणि जिना उतरले.

किती गेलं असेल? थोडंच असेल. हे मी रोज स्वतःला सांगते. रेखाच्या अंगभर पसरून आणखी पातळ झालं असेल. दुधात त्याचा एक लहानसा भाग येत असेल. त्यानं काय होईल? कदाचित काहीच नाही. कोल्हापूरच्या पाण्यात, भांड्यांत, कपड्यांत काय काय असतं, त्यापुढं हे काहीच नसेल. ऋता म्हणाली तसं, ठाऊक नाही. पण ठाऊक नाही या शब्दांचा मला आधी आधार वाटायचा. आता त्यांचीच भीती वाटते. ते संपतच नाहीत. बाळाला सर्दी झाली असं कळलं तरी मी मंगलला पुन्हा पुन्हा विचारत राहते. मंगल उशिरा आली की आधी तिचा चेहरा बघते. आणखी वीस वर्षांनी त्या मुलीला काही झालं, तर ते यामुळं की आणखी कशामुळं हे कुणाला सांगता येणार नाही. मला तर नाहीच नाही.

भाद्रपदात ऋतानं मागितली म्हणून दुसरी पट्टी पाठवली होती. आकडा उतरला होता. बऱ्यापैकी. मला आनंद झाला — हेही लपवत नाही. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. हात धुताना लक्षात आलं की जे कमी झालं त्यातलं काही कुठं गेलं, ते घर मला माहीत आहे. गडमुडशिंगीत, बसथांब्यामागं, हिरव्या दाराचं.

खंडेनवमीला आम्ही कारखान्यात यंत्रांची पूजा करतो. टाक्या धुतलेल्या, झेंडूच्या माळा, प्रत्येक मोटारीला हळदकुंकू. यंदा मंगल रेखाला आणि नातीला घेऊन आली. जाडसर, काळ्याभोर केसांची मुलगी, कपाळावर मोठी काजळाची तीट. मंगलनं सगळ्यांदेखत माझी ओटी भरली, खण-नारळ दिला, आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"घ्या तुमची नात," म्हणाली. "तुमचंच रगात हाय अंगात. तुमच्यावानी खमकी हुती का न्हाई बघा."

कामगार हसले. कुणीतरी म्हणालं, मग आम्हाला आणि एक मालकीण आली म्हणायची. बाळानं माझं बोट धरलं. मग डोकं फिरवून माझ्या पदरात तोंड घुसळायला लागलं. भूक लागली होती. रेखा लाजून म्हणाली, "काकू, आणा हिकडं," आणि ऑफिसमधल्या माझ्याच खुर्चीत बसून, पदर घेऊन तिला पाजायला लागली.

मी समोर उभी होते. बाळ घटाघट पीत होतं, त्याचा आवाज येत होता. रेखा वर बघून म्हणाली, "लई भुकेली हाय ओ ही. सारखी पाजतीया. चालंल न्हवं, काकू?"

तिनं ते मला विचारलं. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी पाज असंच सांगितलं असतं, आणि बरोबर सांगितलं असतं. पण त्यांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं, आणि दार लावून तिला ते सांगायला तेवढी एक वेळ होती. मंगल बाहेर प्रसाद वाटत होती.

"पाज," मी म्हणाले. "पोटभर पाज."

आणि मी नारळ फोडायला बाहेर गेले.